डेट्रॉइट १९९४: सीबीएस चॅनेल २ वरून ६२ वर कसं गेलं

११ डिसेंबर १९९४ च्या रविवारी अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या टीव्हीवर एकाच दिवशी तीन बदल झाले. १९४८ पासून सीबीएस या देशव्यापी नेटवर्कचे कार्यक्रम दाखवणारं चॅनेल २, म्हणजे डब्ल्यूजेबीके हे स्टेशन, फॉक्स या दुसऱ्या नेटवर्ककडे गेलं. सीबीएस चॅनेल ६२ वर, डब्ल्यूजीपीआर या लहानशा स्टेशनवर जाऊन बसलं. आणि फॉक्सचं तोवरचं ठिकाण असलेलं चॅनेल ५० महिनाभर नेटवर्कविना राहिलं. १६ जानेवारी १९९५ ला त्याच्यावर यूपीएन हे नवं नेटवर्क सुरू झालं. स्टेशनं तीच राहिली, कोण कुणाचे कार्यक्रम दाखवणार एवढंच बदललं. तरी या अदलाबदलीतून सीबीएसचं डेट्रॉइटमध्ये जे नुकसान झालं ते भरून काढायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. देशातल्या तेव्हाच्या पहिल्या दहा टीव्ही बाजारपेठांपैकी एका शहरात एवढ्या मोठ्या नेटवर्कवर ही वेळ का आली, ते नीट पाहण्यासारखं आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ, कारण आपल्याकडे तिच्यासारखं काही नाही. झी मराठी मुंबईत दिसते तीच नागपुरात दिसते. उपग्रहावरून एकच फीड उतरतो आणि केबलवाला किंवा डीटीएच कंपनी तो घरी पोचवते. दूरदर्शनची केंद्रं जागोजागी आहेत, दिल्लीचे कार्यक्रम ती सहक्षेपित करतात, पण मालक एकच. अमेरिकेत मनोरा, ट्रान्समीटर आणि परवाना एका कंपनीचा, तर कार्यक्रम दुसऱ्याच कंपनीचे, ही नेहमीची गोष्ट आहे. सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स ही नेटवर्क मोठ्या शहरांत काही स्टेशनं स्वतः चालवतात. बाकी सगळीकडे ती स्थानिक स्टेशनांशी संलग्नता करार करतात. नेटवर्क कार्यक्रम देतं आणि जाहिरातींच्या वेळेतला काही भाग स्टेशनला विकायला सोडतं. त्या काळात वर रोख मोबदलाही देत असे. स्टेशन आपल्या भागात ते कार्यक्रम प्रक्षेपित करतं आणि मधल्या वेळेत स्वतःच्या बातम्या व विकत घेतलेल्या मालिका दाखवतं.

इथे एक मुद्दा पक्का लक्षात ठेवायला हवा. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, परवाना स्टेशनला देतं, नेटवर्कला नाही. स्टेशन विकायचं असेल तर परवान्याच्या हस्तांतराला एफसीसीची मंजुरी लागते, जाहीर नोटीस निघते आणि हरकती घेता येतात. नेटवर्क बदलायला मात्र असली कोणतीही परवानगी लागत नाही, तो दोन कंपन्यांमधला खासगी करार आहे. म्हणूनच एखाद्या नेटवर्कच्या पायाखालची जमीन काही महिन्यांत सरकू शकते.

फुटबॉलचे हक्क गेले, मग स्टेशनं गेली

सुरुवात झाली १७ डिसेंबर १९९३ ला. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग, हिच्या दोन गटांपैकी एनएफसी गटाचे सामने दाखवण्याचे हक्क फॉक्सने चार वर्षांसाठी १.५८ अब्ज डॉलरला घेतले. सीबीएस १९५६ पासून एनएफएल दाखवत होतं; या वेळी त्याची बोली वर्षाला जवळजवळ १० कोटी डॉलरने कमी पडली. हिशेबाच्या वहीत पाहिलं तर सीबीएसचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं, कारण एवढ्या पैशात फुटबॉल तोट्याचंच होतं. पण फुटबॉलचा उपयोग जाहिरातींपुरता नव्हता. शहराचा संघ, डेट्रॉइट लायन्स, एनएफसी गटात खेळतो. डेट्रॉइटच्या चॅनेल २ साठी सीबीएसचं मोल बऱ्याच अंशी लायन्सच्या रविवारच्या सामन्यांत होतं, आणि ते सामने आता फॉक्सकडे होते.

रुपर्ट मर्डॉक यांच्या फॉक्सची अडचण वेगळी होती. त्यांच्या हातात फुटबॉल आलं, पण ते दाखवायला बहुतेक शहरांत यूएचएफवरची, म्हणजे १४ आणि त्यावरच्या नंबरांची, कमजोर सिग्नलची स्टेशनं होती. २३ मे १९९४ ला त्यांनी ती अडचण एका फटक्यात सोडवली. रोनाल्ड पेरेलमन यांच्या न्यू वर्ल्ड कम्युनिकेशन्स या टीव्ही स्टेशनांच्या कंपनीत फॉक्सने ५० कोटी डॉलर घालून २० टक्के वाटा घेतला आणि त्या बदल्यात न्यू वर्ल्डची, काही नुकतीच खरेदीच्या वाटेवर असलेली, १२ स्टेशनं फॉक्सकडे येणार असं ठरलं. त्यातली बहुतेक सीबीएसची होती. अटलांटा, डॅलस, टॅम्पा, मिलवॉकी, क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट इथे सीबीएसला नवी जागा शोधावी लागणार होती.

एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. तेव्हा एका मालकाला १२ पेक्षा जास्त टीव्ही स्टेशनं ठेवता येत नसत आणि त्यांची एकूण पोच देशातल्या २५ टक्के घरांपलीकडे जाऊ शकत नसे. फॉक्सने म्हणूनच पूर्ण कंपनी न घेता अल्प वाटा घेतला. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने स्टेशनांच्या संख्येची मर्यादा काढली आणि पोच ३५ टक्क्यांपर्यंत वाढवली. त्याच वर्षी फॉक्सने न्यू वर्ल्डचा उरलेला भागही घ्यायचं ठरवलं आणि जानेवारी १९९७ मध्ये चॅनेल २ फॉक्सच्या मालकीचं झालं.

सीबीएसपुढे काय पर्याय होते

डेट्रॉइटमध्ये व्हीएचएफवर, म्हणजे २ ते १३ या नंबरांत, चारच चॅनेलं दिसत: २, ४, ७ आणि ९. त्यातलं ९ नदीपलीकडच्या विंडसरचं, म्हणजे कॅनडाचं. उरली तीन, आणि मोठी अमेरिकन नेटवर्कही तोवर तीनच होती. चौथं नेटवर्क यातल्या एका जागेवर आलं की कुणीतरी बाहेर पडणार, हे या शहराच्या नंबरवाटपातच लिहिलेलं होतं.

सीबीएसने आधी चॅनेल ७ कडे, स्क्रिप्स कंपनीच्या डब्ल्यूएक्सवायझेडकडे पाहिलं. ते एबीसीचं अत्यंत भक्कम स्टेशन. स्क्रिप्सने या मागणीचा पुरेपूर उपयोग केला: डेट्रॉइट आणि क्लीव्हलंडची स्टेशनं एबीसीकडेच ठेवण्याच्या बदल्यात फीनिक्स, टॅम्पा आणि बाल्टिमोर इथली आपली स्टेशनंही एबीसीशी जोडून घेतली. म्हणजे सीबीएसच्या एका चौकशीने एबीसीला तीन शहरांत जुनी स्टेशनं सोडावी लागली. त्यातलं बाल्टिमोरचं जुनं स्टेशन वेस्टिंगहाउस कंपनीचं होतं. त्या नाराजीचा फायदा सीबीएसला झाला आणि जुलै १९९४ मध्ये बाल्टिमोर, बॉस्टन आणि फिलाडेल्फियाची वेस्टिंगहाउसची स्टेशनं सीबीएसकडे येणार असं ठरलं. डेट्रॉइटला त्याचा काही उपयोग नव्हता. चॅनेल ४ एनबीसीनेही सोडलं नाही.

मग यूएचएफ. सर्वांत योग्य होतं चॅनेल ५०, डब्ल्यूकेबीडी: फॉक्स गमावणार असलेलं, बऱ्यापैकी कमावणारं. पण त्याचं मालक पॅरामाउंट होतं आणि पॅरामाउंटला १९९५ मध्ये स्वतःचं यूपीएन सुरू करायचं होतं. पहिल्या दहातल्या शहरातलं स्वतःचं स्टेशन ते दुसऱ्याला कशाला देतील? माउंट क्लेमेन्सच्या चॅनेल ३८ शीही बोलणी झाली, ती जुळली नाहीत. सप्टेंबरपर्यंत वेळ संपत आली. २३ सप्टेंबर १९९४ ला सीबीएसने जाहीर केलं की चॅनेल ६२ आपण २ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतो आहोत.

विकत घेणं आणि संलग्न करणं यातला फरक इथे नेमका कामी आला. खरेदीला एफसीसीची मंजुरी लागणार होती आणि तिच्यावर हरकतीही आल्या. ती मिळेपर्यंत १९९५ उजाडलं. पण संलग्नतेला मंजुरी नको, त्यामुळे ११ डिसेंबरपासून जुन्याच मालकाच्या परवान्यावर सीबीएसचे कार्यक्रम सुरू झाले. ही वाट नसती तर डेट्रॉइटमध्ये सीबीएस काही महिने अजिबात दिसलं नसतं.

२ आणि ६२ मधलं खरं अंतर

चॅनेल ६२ ची लोकप्रियता कमी होती, हे झालं वरवरचं कारण. मूळ अडचण भौतिकशास्त्राची होती आणि तिच्यावर करारातली कोणतीही कलमं चालत नाहीत.

अ‍ॅनालॉग काळात चॅनेल २ ची चित्रलहर ५५.२५ मेगाहर्ट्‌झवर असे, ६२ ची ७५९.२५ वर. अर्ध्या तरंगलांबीचा साधा डायपोल अँटेना पहिल्यासाठी सुमारे २.७ मीटर लांब लागतो, दुसऱ्यासाठी जेमतेम २० सेंटिमीटर. छोटा अँटेना म्हणजे सोय असं वाटेल, पण तो हवेतून ऊर्जाही तितकीच कमी गोळा करतो. क्षेत्रतीव्रता समान असताना डायपोलला मिळणारी शक्ती तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्ही लहरींचं गुणोत्तर १३.७ येतं, त्याचा वर्ग जवळजवळ १९०. म्हणजे तेवढ्याच तीव्रतेच्या लहरीतून ६२ च्या अँटेनाला १९० पटींनी कमी शक्ती मिळते, २३ डेसिबलचा फरक. छपरापासून खाली येणाऱ्या वायरमधली घटही वरच्या लहरींना जास्त लागते, आणि इमारती, झाडं, जमिनीचा चढउतार यांच्या आड त्या लवकर अडतात.

एफसीसीला हे माहीत होतं. म्हणून चॅनेल २ ते ६ ला कमाल १०० किलोवॅट परिणामी शक्तीची (ट्रान्समीटरची शक्ती गुणिले अँटेना ती एकवटून देतो तो लाभ) मुभा होती, तर यूएचएफला ५,००० किलोवॅटची. पाहण्याजोगं चित्र मिळण्याची बाहेरची हद्द, जिला ग्रेड बी म्हणत, ती खालच्या चॅनेलांसाठी ४७ डीबीयूवर (डीबीयू हे लहरीच्या तीव्रतेचं डेसिबलमधलं माप) मोजली जाई आणि यूएचएफसाठी ६४ वर. म्हणजे १७ डेसिबल, शक्तीत ५० पट. परवानगीतला फरकही नेमका ५० पट. कागदावर दोन्ही बाजू बरोबरीत येतात. पण ती शक्ती निर्माण करायला पैसे लागतात. अँटेनाने २५ पट लाभ दिला तरी ५,००० किलोवॅटसाठी ट्रान्समीटरमधून २०० किलोवॅट बाहेर पडायला हवेत, आणि तेही मोठाल्या क्लायस्ट्रॉन नळ्यांतून, त्यांच्या शीतकरणासकट. चॅनेल २ ला चौपट लाभाचा अँटेना असला की २५ किलोवॅट पुरतात. वीजबिलात हा फरक दर महिन्याला दिसतो. लहान मालकाचं यूएचएफ स्टेशन म्हणूनच परवानगीच्या कमालीपर्यंत सहसा जात नसे. ६२ ची यंत्रणा मोठ्या नेटवर्कच्या गरजेची नव्हती आणि ती सुधारणं सीबीएसच्याच अंगावर आलं.

घरातली बाजू याहून साधी आहे, पण तितकीच निर्णायक. १९६४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत यूएचएफ ट्यूनर असणं सक्तीचं होतं. तरी जुन्या संचांच्या मागे स्क्रूच्या दोन वेगळ्या जोड्या असत: एकीवर ‘व्हीएचएफ’, दुसरीवर ‘यूएचएफ’. टीव्हीवरच्या लांब दांड्या पहिल्या जोडीला लागायच्या. दुसरीला तारेचं गोल कडं लावायचं, ते खोक्यातून मिळालेलं असायचं आणि बहुतेक घरांत खणात पडून राहायचं. छपरावर फक्त व्हीएचएफचा अँटेना असेल तर ६२ वर बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसणार. हे कडं कुठे जोडायचं आणि नवा नंबर ट्यूनरच्या स्मृतीत कसा भरायचा, हे लोकांना सांगणं हा बदलाच्या आधीच्या आठवड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा खर्च असायला हवा. नव्या कार्यक्रमाच्या जाहिरातीपेक्षाही.

केबल असलेल्या घरांना यातलं काही भोगावं लागलं नाही असं वाटेल. तेव्हा साठ टक्क्यांहून थोड्या जास्त घरांत केबल होती. १९९२ च्या केबल कायद्याने स्थानिक स्टेशन दाखवण्याची सक्ती मागण्याचा हक्कही दिला होता. पण त्याला अट होती: केबलवाल्याच्या मुख्य केंद्रावर पुरेसा सिग्नल पोचला पाहिजे, यूएचएफसाठी उणे ४५ डीबीएम (मिळालेल्या शक्तीचं डेसिबलमधलं माप). तो पोचत नसेल तर लागणारी उपकरणं स्टेशनने आपल्या खर्चाने बसवायची. शिवाय केबलवर चॅनेल २ चा नंबर २ राहिला, आता त्याच्यावर फॉक्स. सीबीएस शोधायला प्रेक्षकाला वेगळ्या, आणि प्रत्येक केबल कंपनीत वेगवेगळ्या, नंबरावर जावं लागलं.

कडेच्या भागांत प्रेक्षकांची गळती झाली. दक्षिणेकडे अँटेना लावणाऱ्यांना टोलीडोचं चॅनेल ११ सीबीएस दाखवत होतं. उत्तरेला मेरेडिथ कंपनीचं बे सिटीचं चॅनेल ५ जानेवारी १९९५ मध्ये एनबीसी सोडून सीबीएसकडे आलं. तेही व्हीएचएफवरचं. सीबीएसचे कार्यक्रम लोकांना मिळाले, हे चांगलंच. पण ते टोलीडो आणि बे सिटीच्या खात्यावर.

विकणाऱ्याच्या बाजूने

डब्ल्यूजीपीआरला नुसतं कमकुवत स्टेशन म्हणून सोडून देणं अन्याय होईल. २९ सप्टेंबर १९७५ ला सुरू झालेलं ते मुख्य भूमीवरच्या अमेरिकेतलं पहिलं कृष्णवर्णीय मालकीचं टीव्ही स्टेशन. विल्यम व्ही. बँक्स आणि त्यांच्या मेसन नावाच्या बंधुसंघाने, म्हणजे परस्पर मदतीसाठीच्या सभासद संघटनेने, ते उभं केलं. ईस्ट जेफरसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्याच्या स्टुडिओत शहरातली तरुण मंडळी कॅमेरा, आवाज, संपादन शिकली. मोठ्या स्टेशनांनी त्यांना तेव्हा दारातही उभं केलं नसतं. विक्रीची बातमी आली तेव्हा डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय समाजातून विरोध झाला तो यामुळे, आणि तो योग्यच होता. बंधुसंघाने एफएम रेडिओ आपल्याकडे ठेवला. टीव्हीचा परवाना गेला आणि १९९५ मध्ये सीबीएसने आपल्या जुन्या रेडिओ स्टेशनवरून त्याला डब्ल्यूडब्ल्यूजे-टीव्ही हे नाव दिलं. त्या मूळ इमारतीत २०१७ मध्ये बँक्स यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

या व्यवहारात कमी लक्ष गेलेली बाब म्हणजे, सीबीएसला हवा होता तो फक्त परवाना. माणसं आणि स्थानिक कार्यक्रम त्याने पुढे नेले नाहीत. त्या शहराला ओळखणारी मंडळी हाताशी असताना ती सोडून दिली, आणि पुढच्या सगळ्या अडचणींची मुळं तिथे आहेत.

बातम्या

चॅनेल २ ने नेटवर्क बदललं, पण बातम्यांचा विभाग, निवेदक, हवामानाची यंत्रणा, बाहेरच्या गाड्या सगळं त्याच्याकडेच राहिलं. उलट ते वाढलं. सीबीएस आठवड्याला २२ तास प्राइम टाइम देत होतं, फॉक्स १५ तास. रोज रात्री दहा ते अकराचा तास मोकळा झाला. सीबीएसचा सकाळचा कार्यक्रम, दुपारच्या मालिका, संध्याकाळचं राष्ट्रीय बातमीपत्रही गेलं. एवढे तास भरायचे तर दोन मार्ग: मालिका विकत घ्या, नाही तर बातम्या वाढवा. चांगल्या मालिकांचे हक्क त्या बाजारपेठेत आधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेले असतात. बातम्यांचा माणूसबळ खर्च तर चालूच होता; त्याच चमूवर सकाळचे तास आणि रात्री दहाचं बातमीपत्र उभं करणं स्वस्त पडलं. न्यू वर्ल्डच्या जवळजवळ सगळ्या स्टेशनांनी हेच केलं आणि फॉक्सचे मुलांचे कार्यक्रमही बहुतेकांनी नाकारले. बातम्यांमधल्या जाहिरातींचा सगळा पैसा स्टेशनचा असतो, नेटवर्कच्या कार्यक्रमातल्या मोजक्याच जाहिराती त्याच्या वाट्याला येतात. हे लक्षात घेतलं की निर्णय समजतो.

६२ वर याच्या उलट झालं. बातम्यांचा विभाग नव्हता आणि सीबीएसने तो उभारला नाही. परिणाम साखळीने होतात. रात्री अकराला स्थानिक बातम्या नाहीत, म्हणून प्राइम टाइम संपताच लोक ४ किंवा ७ वर जातात. ते तिथेच राहिले की उशिराचा कार्यक्रम पडतो. संध्याकाळी सहाला स्थानिक बातम्या नाहीत, म्हणून पाठोपाठच्या राष्ट्रीय बातमीपत्राला प्रेक्षक मिळत नाहीत. बर्फाचं वादळ आलं की शहर दुसरं चॅनेल लावतं आणि सवय तिथेच पडते.

२००० मध्ये व्हायाकॉम आणि सीबीएस एकत्र आले. चॅनेल ५० पॅरामाउंटमार्फत व्हायाकॉमचं होतं, त्यामुळे १९९४ ला नकार देणारं स्टेशन आता त्याच मालकाकडे आलं. ५० चा बातम्यांचा विभाग ६२ साठीही २००१ पासून बातमीपत्र करू लागला. ते २००२ च्या अखेरीस बंद झालं. उशिरा सुरू केलेलं बातमीपत्र दीड-दोन वर्षांत पैसे देत नाही. प्रेक्षकाची सवय बदलायला त्याहून जास्त काळ लागतो आणि तेवढा धीर धरला नाही तर आधीचा खर्च पाण्यात जातो.

१९९४ मध्ये कुणाला वेगळं काही करता आलं असतं का? बॉस्टनचं २०१७ चं उदाहरण तपासण्यासारखं आहे. १ जानेवारी २०१७ ला एनबीसीने चॅनेल ७, डब्ल्यूएचडीएच, सोडलं आणि स्वतःचं स्टेशन सुरू केलं. तिथेही सिग्नल कच्चाच होता: मुख्य परवाना कमी शक्तीचा. पण तोच फीड इतर स्टेशनांच्या उपचॅनेलांवरून, म्हणजे त्यांच्याच डिजिटल सिग्नलमध्ये बसणाऱ्या जादा चॅनेलांवरून, एकाच वेळी सोडला गेला, आणि मुख्य म्हणजे प्रादेशिक बातम्यांचं केबल चॅनेल एनबीसीच्या हातात आधीपासून होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून बातम्या तयार होत्या. १९९४ च्या अ‍ॅनालॉग यंत्रणेत उपचॅनेल नव्हतं. पण बातम्यांची जुळणी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये सुरू करता आली असती, आणि ६२ च्या इमारतीत ती करू शकणारी माणसं होती.

फुटबॉल सीबीएसकडे १९९८ च्या हंगामात परत आलं, एएफसी या दुसऱ्या गटाच्या हक्कांसाठी वर्षाला ५० कोटी डॉलर मोजून. लायन्स एनएफसीतच असल्याने त्यांचे बहुतेक सामने चॅनेल २ वरच राहिले. २००९ मध्ये अ‍ॅनालॉग बंद झालं, नंबर नुसते नावापुरते उरले आणि २.७ मीटर विरुद्ध २० सेंटिमीटरचा वादही त्याबरोबर संपला. बातम्यांचा मात्र उरला होता. डब्ल्यूडब्ल्यूजेने स्वतःचा पूर्ण बातमी विभाग उभारून ‘सीबीएस न्यूज डेट्रॉइट’ सुरू केलं ते जानेवारी २०२३ मध्ये, टीव्हीबरोबरच इंटरनेटवरच्या थेट प्रवाहासह.